जुनी द्या, वर वीस द्या

हिवरखेडात व्हिडिओ गेमचं दुकान नाही. मोबाइलची दुकानं आहेत, रिचार्ज आणि कव्हर विकणाऱ्या टपऱ्या आहेत, कटलरीच्या दुकानांत सेलवर चालणाऱ्या खेळण्यांची रांग आहे. पण काचेच्या कपाटात निळ्या डब्यांतल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मांडलेल्या आणि खालच्या खणात त्याच डिस्क 'प्री-ओन्ड' अशी चिठ्ठी लावून निम्म्या-पाऊण किमतीला, हे पाहायचं तर पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागतो. वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावं एकाहून जास्त आहेत. मी म्हणतो ते अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. इथून अकोला पासष्ट-सत्तर किलोमीटर. पूर्वी अकोला-खंडवा मीटरगेज गाडी गावावरून जायची. गेजबदलासाठी ती २०१७च्या सुरुवातीला बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी २०२२च्या नोव्हेंबरात धावू लागली, पण अकोटच्या पुढचा मार्ग मेळघाटातून न्यायचा की जंगल टाळून बाहेरून, या वादात रखडला. म्हणजे अकोल्याला काही आणायला जायचं तर वस्तूच्या किमतीत एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं धरायचं, हा इथला जुनाच हिशेब.

मग नव्या-जुन्या गेमच्या किमतींबद्दल इथून लिहायचं कशाला? कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे आजचे दुकानदार ज्याला 'एक्स्चेंज' म्हणतात तो व्यवहार अकोट, तेल्हारा, हिवरखेड, अंजनगाव या पट्ट्यातल्या पोट्ट्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी करून टाकला आहे. फरक एवढाच की त्याला तेव्हा नाव नव्हतं. जुनी कॅसेट द्या, वर वीस-तीस रुपये द्या, दुसरी न्या.

त्या कॅसेटींबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आज तिशी-पस्तिशीच्या पुढे असलेल्यांनाच त्या ठाऊक आहेत. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३च्या जुलैत 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र १४,८०० येनला बाजारात आणलं. टीव्हीला जोडायचं, कॅसेट खोचायची, खेळायचं. हे यंत्र भारतात खऱ्या अर्थाने पोचलं ते त्याच्या नकलांच्या रूपात. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी त्याची हुबेहूब नक्कल केली आणि ती नक्कल इथे 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी, पुढे मिताशीच्या 'गेम-इन'च्या रूपात आणि कित्येकदा कोणत्याच नावाशिवाय विकली गेली. कॅसेटी मात्र सगळ्यांच्या सारख्या: साठ पिनांच्या, पिवळ्या, काळ्या किंवा राखाडी प्लास्टिकच्या, वर रंगीत चिकटपट्टी. एका कंपनीच्या यंत्रात दुसऱ्याची कॅसेट बिनतक्रार चालायची. पुढे जे जुन्या गेमांचं मार्केट उभं राहिलं ते याच पायावर. कॅसेट सगळीकडे चालत असेल तरच ती हातोहात फिरते.

अकोल्याच्या गांधी रोड-टिळक रोडकडून किंवा अमरावतीहून माल यायचा आणि तालुक्याच्या गावी तो ऑडिओ कॅसेट विकणाऱ्याच्या, घड्याळं-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या किंवा कटलरीवाल्याच्या दुकानात ठेवलेला असायचा. स्वतंत्र गेमचं दुकान चालेल एवढं गिऱ्हाईक नव्हतंच. कॅसेट शंभर-दीडशेच्या आसपास. कास्तकाराच्या घरात हा खर्च वर्षातून एकदा, फार तर दोनदा व्हायचा, आणि तोही सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आल्यावर, दिवाळीच्या सुमारास. बाकीचं वर्ष पोरांनी करायचं काय? तीच कॅसेट बदलून आणायची.

दुकानदाराच्या बाजूने हा हिशेब मांडला की मजा येते. समजा त्याने एक कॅसेट साठ रुपयांना आणली आणि शंभरला विकली. चाळीस सुटले. पण तीच कॅसेट महिन्याभराने त्याच्याकडे परत आली, तिच्यासोबत वीस रुपये आले, आणि ती दुसऱ्या पोराला पुन्हा वीस घेऊन गेली. अशी ती पाच वेळा फिरली तर बसल्या जागी आणखी शंभर रुपये, आणि माल पुन्हा त्याच्याच खणात. नव्या मालात भांडवल अडकतं. फिरत्या मालात गिऱ्हाइकाचंच भांडवल दुकानदारासाठी राबतं. अमेरिकेतल्या गेमस्टॉप या साखळीने ज्या गणितावर हजारो दुकानं चालवली ते हेच गणित. वीस रुपयांच्या जागी तिथे डॉलर होते, इतकंच.

या कॅसेटींत आणखी एक गंमत होती. नवी आणि जुनी यांच्या किमतीत फारसा फरक नसायचा, कारण नवी कोणती नि जुनी कोणती हे कळायचंच नाही. खोका नाही, सील नाही, पुस्तिका नाही, छापील किंमत नाही. आत बसवलेली 'मास्क रॉम' चिप कारखान्यातच कायमची कोरलेली असते. हजार वेळा खेळलं तरी तिचा एक कणही झिजत नाही. झिजतात, खरं तर गंजतात, त्या फक्त खालच्या तांब्याच्या पट्ट्या. त्यावर आपला घरगुती इलाज म्हणजे फुंकर. फुंकर मारून कॅसेट चालायची ती बहुधा पुन्हा खोचल्यामुळे, कारण तोंडातली वाफ तांब्याला उलट वाईटच. शाळेचा खोडरबर पट्ट्यांवर फिरवणाऱ्या पोट्ट्यांची कॅसेट जास्त टिकायची. एवढं सोडलं तर दहा हातांतून गेलेला 'मारिओ' आणि पहिल्या हातातला 'मारिओ' यांत तसूभर फरक नव्हता. मग किंमत ठरायची कशावरून? आत काय आहे त्यावरून.

आणि तिथे फसवणूक भरपूर होती. '९९९९९९९ इन वन' असं लिहिलेल्या कॅसेटीत मेनू सुरू केला की आकडे पुढे पुढे सरकत राहायचे, पण खेळ तेच चार-सहा. कुठे एक जीव जास्त, कुठे रंग बदललेला, एवढ्यावर नवा क्रमांक. पोरं पहिल्यांदा फसली, दुसऱ्यांदा नाही. पुढे काउंटरवरच्या टीव्हीवर कॅसेट लावून, मेनू खालपर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय कुणी बदली करेना. 'कॉन्ट्रा' ज्यात नक्की आहे अशा कॅसेटीची पत मोठी. वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं करून तीस जीव मिळणारी आवृत्ती असेल तर वीसऐवजी तीस-चाळीस मागायला दुकानदार मोकळा. आणि कॅसेट दुसऱ्याच्या हाती गेली तरी ती युक्ती पहिल्याकडे राहायचीच, दुसऱ्याला ती फुकट मिळायची. या यंत्रांत खेळ साठवून ठेवायची सोय बहुतेक कॅसेटींत नव्हती, आणि त्या वर्षांत वऱ्हाडात भारनियमन तासन्‌तास असायचं. सातव्या टप्प्यावर वीज गेली की पहिल्यापासून. त्यामुळे एक गेम 'संपायला' महिने लागायचे. कॅसेटीचा पैसा फिटायचा त्यात भारनियमनाचाही हात होता, असं म्हणायला हरकत नाही.

यंत्रासोबत यायची ती बंदूक, बदकं मारायची. तिचं मोल एका झटक्यात शून्य झालं, आणि तेही ती न झिजता. ती बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर पडद्याचा प्रकाश नेमका कोणत्या क्षणी उजळतो हे ओळखून नेम ठरवते. सपाट टीव्ही आले आणि ती मुकी झाली. जुन्या वस्तूची किंमत वस्तूच्या बाहेरच्या जगावर किती अवलंबून असते, याचा धडा त्या प्लास्टिकच्या बंदुकीत होता.

अस्सल, कंपनीचा माल मात्र या भागात पोचतच नव्हता. सेगा कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यात शॉ वॉलेसशी करार करून आपलं 'मेगा ड्राइव्ह' भारतात आणलं. आयातीवरचं ऐंशी टक्के शुल्क चुकवण्याची ती वाट होती. तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये. त्या काळी तेवढ्या पैशात घरातलं लग्नकार्य मार्गी लागायचं. असला माल गावोगाव जुना म्हणून फिरायला आधी तो नवा कुणीतरी घ्यायला हवा. जुन्याचा बाजार नव्याच्या विक्रीवर उभा असतो आणि पहिला घेणाराच नसेल तर दुसरा कुठून येणार.

पुढे सीडी आणि डीव्हीडी आल्या, सोनीचं प्लेस्टेशन आलं, आणि तेव्हाचं चित्र आणखी विचित्र झालं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार. सीएसटीजवळचं मनीष मार्केट, हाजी अलीचं हीरा पन्ना ही नावंही गेम खेळणाऱ्यांच्या तोंडी. प्लेस्टेशन २मध्ये एक छोटी चिप डाखून घेतली की नकली डिस्क चालायची आणि नकली डिस्क पन्नास-शंभर रुपयांत मिळायची. अमेरिकी सरकारच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या २०२१च्या यादीत हीरा पन्नाचं नाव होतं, ते नकली मालासाठीच. आता पाहा: कोरी नकली डिस्क शंभरला मिळत असेल तर हजाराची अस्सल डिस्क वापरून झाल्यावर कोण किती देणार? काहीच नाही. नकली मालाने अस्सल नव्याचा धंदा मारला असं सगळेच म्हणतात. त्याने अस्सल जुन्याचा धंदा जन्मूच दिला नाही, हे फारसं कुणी म्हणत नाही.

संगणकावर तर सगळंच फुकट. ईए स्पोर्ट्सने 'क्रिकेट ०७' २००६च्या नोव्हेंबरात काढला आणि त्यानंतर क्रिकेटचा गेम काढायचंच सोडून दिलं. त्यामुळे झालं असं की सायबर कॅफेंतून, पेनड्राइव्हवरून, कॉलेजच्या होस्टेलांतून तो एकच गेम वर्षानुवर्षं फिरत राहिला. खेळाडूंची नावं आणि जर्सी हौशी पोरं दर हंगामाला बदलत राहिली. नवी आवृत्ती न निघाल्यामुळे जुनी कधी जुनी झालीच नाही.

खरा जुन्या गेमांचा बाजार भारतात दिसू लागला तो प्लेस्टेशन ३ आणि ४च्या काळात. या यंत्रांवर नकली माल चालवणं अवघड झालं आणि अस्सल डिस्कला मोल आलं. प्लेस्टेशन ४ इथे २०१४च्या जानेवारीत ३९,९९० रुपयांना आलं. नवा मोठा गेम आधी तीन-चार हजारांना मिळायचा. २०२१च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ आलं आणि सोनीच्या मोठ्या गेमांवर ४,९९९ रुपये छापून येऊ लागले. हा आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत तोच गेम ७० डॉलर. त्या वेळच्या दराने ते पाच हजारांच्या आसपासच होतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या पोराला जी किंमत तीच अकोल्याच्या पोराला, रुपयात बदलून. त्यात जीएसटी १८ टक्के. यंत्रांवर तर आधी २८ टक्के होता, तो २०१८च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेने १८वर आणला.

अमेरिकेत जुनी डिस्क ही नव्याची गरीब बहीण. भारतात ती बहुतेकांसाठी एकमेव परवडणारी वाट आहे. हिशेब मांडतो, आकडे उदाहरणादाखल धरलेत, पण बाजाराची चाल अशीच असते. ४,९९९ची नवी डिस्क पहिल्याच दिवशी घेतली, महिन्यात गेम संपवला, दुकानात दिली तर २,८०० आले. खेळण्याचा खरा खर्च २,२००. दुकानदाराने तीच डिस्क ३,५००ला लावली. ती तुम्ही घेतली, दोन महिने खेळलात, २,५००ला परत विकली: खर्च हजार. आणि तोच गेम डिस्क न घेता सोनीच्या ऑनलाइन दुकानातून सवलतीत २,०००ला घेतला, तर खर्च पूर्ण दोन हजार, कारण तो परत विकताच येत नाही. छापील किमती बाजूबाजूला ठेवून तुलना केली तर सवलतीतला ऑनलाइन गेम सर्वांत स्वस्त दिसतो. घेताना काय दिलं यातून विकताना काय आलं हे वजा केलं की क्रम बदलतो. दुकानात किंमत विचारणारे बहुतेक लोक पहिलाच प्रश्न विचारतात: 'ही कितीला?' दुसरा प्रश्न, म्हणजे 'महिन्याने परत आणली तर किती द्याल?', तो विचारणारा माणूस एकतर जुना खेळाडू असतो किंवा वऱ्हाडातला.

दुकानदाराला मात्र दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाठ असतात. नव्या डिस्कवर त्याला थोडकं सुटतं. गेमस्टॉपचे २०१०नंतरच्या दोन-तीन वर्षांतले हिशेब सर्वांसमोर आहेत: विक्रीत जुन्या मालाचा वाटा साधारण पाव, पण ढोबळ नफ्यातला वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त. जुन्यावर मार्जिन पंचेचाळीस टक्क्यांच्या पुढे, नव्या गेमांवर वीसच्या आसपास. म्हणूनच तिथे ताजा गेम नवा ६० डॉलरला आणि वापरलेला ५५ डॉलरला, असा हास्यास्पद वाटणारा पाच डॉलरचा फरक असायचा. गिऱ्हाईक पाच डॉलर वाचवून खूश, दुकानाला त्या ५५मधले वीस-पंचवीस सुटलेले, आणि गेम बनवणाऱ्या कंपनीला त्यातलं शून्य.

भाव कोणत्या डिस्कचा टिकतो आणि कोणत्या डिस्कचा पडतो हे समजायला शाळेच्या पुस्तकांचं उदाहरण पुरतं. नववी-दहावीची पुस्तकं निकालानंतर निम्म्या किमतीत खालच्या वर्गातल्या पोराला द्यायची ही गावोगावची रीत. पण ज्या वर्षी अभ्यासक्रम बदलतो त्या वर्षी कोरं करकरीत पुस्तकही रद्दीत. फुटबॉलचा गेम दर सप्टेंबरात नव्या संघांसह येतो, आधी 'फिफा' नावाने आणि २०२३पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी' म्हणून. त्यामुळे मागच्या वर्षीची डिस्क शे-दोनशेलाही कुणी घेत नाही. याउलट निन्टेंडोचे गेम. कंपनी स्वतःच त्यांच्या किमती सहसा खाली आणत नाही, दर वर्षी नवी आवृत्ती काढत नाही, म्हणून पाच वर्षांचा वापरलेला गेमही मूळ किमतीचा मोठा हिस्सा परत देतो. घेताना महाग, पण विकतानाही महाग. मोजक्या पैशात खेळणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. डिस्कवर किती चरे पडलेत हे त्यापुढे दुय्यम. ब्लू-रे डिस्कच्या पृष्ठभागावर कडक लेप असतो, जुन्या सीडीसारखी ती लगेच ओरखडत नाही.

आणि अभ्यासक्रम बदलण्याच्याही पुढची गोष्ट आता घडते आहे. युबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा २०१४चा मोटारशर्यतीचा गेम सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असे. कंपनीने ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले. डिस्क धडधाकट, यंत्र धडधाकट, गेम मेलेला. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची चळवळ उभी राहिली. डिस्क हातात आहे म्हणजे गेम आपला, या समजुतीलाही आता तारीख तपासावी लागते.

उलट टोकही आहे, थोडं विषयांतर करून सांगतो. २०२१च्या एप्रिलमध्ये १९८०च्या दशकातली 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक सीलबंद कॅसेट अमेरिकेत लिलावात ६ लाख ६० हजार डॉलरला गेली. का? तर ती कुणी कधी खेळलीच नव्हती. त्याच मारिओची कॅसेट आपल्याकडे शेकडो हातांतून फिरली आणि वीस रुपयांवर राहिली. यातली कोणती जास्त मोलाची, यावर माझं मत वाचकाने ओळखलं असेलच.

गेम बनवणाऱ्या कंपन्यांचा जुन्या बाजारावर राग आहे, आणि तो अगदी निराधार नाही. शंभर लोक तीन वर्षं खपून गेम करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीत त्यांना छदाम नाही. जपानमध्ये हा वाद न्यायालयात गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००२ला निकाल दिला की एकदा विकलेला गेम पुन्हा विकायला कंपनी अडवू शकत नाही. भारतात कायद्याची वळणं बघण्यासारखी आहेत. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामच्या प्रती विकण्याचा हक्क मालकाकडे ठेवताना 'ती प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो' अशा अर्थाचे शब्द घातले गेले होते. शब्दशः घेतलं तर जुनी फ्लॉपी विकणाराही अडकला असता. १९९९च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. आमच्या पट्ट्यातल्या कॅसेटवाल्यांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्यांचा मूळ मालच नकली होता, तेव्हा त्यांना त्याची काळजीही नसावी.

कायद्याने जमेना म्हणून कंपन्यांनी तंत्र वापरलं. २०१०मध्ये ईएने नव्या डिस्कसोबत एक सांकेतिक क्रमांक द्यायला सुरुवात केली. तो एकदाच चालायचा. जुनी डिस्क घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायचं तर कंपनीला वेगळे दहा डॉलर. लोकांनी शिव्या घातल्या, २०१३मध्ये ती पद्धत मागे घेतली गेली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर करताना जुन्या डिस्कवर बंधनं घालायचं ठरवलं. सोनीने त्यावर अर्ध्या मिनिटाहूनही छोटी चित्रफीत काढली: गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एक माणूस डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा 'थँक्स' म्हणतो, संपलं. मायक्रोसॉफ्टने १९ जूनला माघार घेतली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, गिऱ्हाईक जिंकलं.

दहा वर्षांत तेच गिऱ्हाईक स्वखुशीने हरलं. कुणी बंदी घातली नाही, फक्त डिस्कचं भोक बंद केलं. प्लेस्टेशन ५ भारतात आलं तेव्हा डिस्कवालं ४९,९९० आणि बिनडिस्कचं ३९,९९०. २०२४मध्ये सडपातळ आवृत्ती आली: ५४,९९० आणि ४४,९९०. दोन्ही वेळा फरक दहा हजारांचा. त्या दहा हजारांत डिस्क वाचणारा भाग येतो हे खरं, पण त्यासोबत जुनं घ्यायचा आणि जुनं विकायचा हक्कही येतो. वर मांडलेल्या हिशेबाने दहा गेमांत ते वसूल होतात. त्यानंतरचा प्रत्येक गेम नफ्यात. बिनडिस्कचं यंत्र घेणारा मात्र एकाच दुकानाचा बांधील गिऱ्हाईक होतो आणि त्या दुकानाचा मालक सोनी. पुण्या-मुंबईच्या पोराला याचा फार त्रास नाही, त्याच्या घरी फायबरची जोडणी असते. हिवरखेडसारख्या ठिकाणी जिथे इंटरनेट म्हणजे अजूनही पुष्कळ घरांत मोबाइलचा रोजचा दोन जीबी, तिथे शंभर जीबीचा गेम उतरवायला पन्नास दिवसांचा सगळा डेटा लागेल. डिस्क म्हणजे पोस्टाने आलेलं इंटरनेटच की.

पण प्लेस्टेशन हा गावातल्या मूठभर घरांचा विषय. बाकीच्यांचं काय झालं? ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि गेमची किंमतच शून्य झाली. पबजी, फ्री फायर, दोन्ही फुकट. जिथे नव्याची किंमत शून्य तिथे जुन्याचा बाजार कसा असेल, असं कुणालाही वाटेल. पण तो आहे, आणि जोरात आहे. आता कॅसेटीऐवजी 'आयडी' विकली जाते. म्हणजे एखाद्याने दोन-तीन वर्षं खेळून, यूसी किंवा डायमंड (गेममधलं चलन) विकत घेऊन, दुर्मीळ कपडे आणि बंदुकांचे रंग जमवलेलं खातं. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या गटांवर त्यांचे स्क्रीनशॉट फिरतात. पाचशेपासून पुढे कितीही. भाव ठरतो तो पुन्हा मिळणार नाही अशा वस्तूंवरून. मेनू खालपर्यंत फिरवून पाहण्याची जुनी सवय इथे वेगळ्या रूपात परत आली आहे: घेणारा मागतो स्क्रीन रेकॉर्डिंग, देणारा म्हणतो आधी टोकन टाका.

फरक एवढा की कॅसेट बदलली की व्यवहार संपायचा. आयडीचा व्यवहार संपतच नाही. खातं ज्या ईमेलवर किंवा फेसबुकवर उघडलं ती चावी मूळ मालकाकडे राहते. पैसे घेऊन आठवड्याने तो कंपनीला 'माझं खातं चोरीला गेलं' असं कळवून ते परत ओढून घेऊ शकतो. बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, काढणारी कंपनी क्राफ्टन असो वा इतर, त्यांच्या नियमांत खातं विकायला मुळातच मनाई आहे, त्यामुळे फसलेल्याने तक्रार करायची तर आधी स्वतःची चूक कबूल करायची. आणि वरून सरकारचा धाक: पबजी २ सप्टेंबर २०२०ला बंद, बीजीएमआय २०२१च्या जुलैत सुरू, २०२२च्या जुलैत पुन्हा गायब, २०२३च्या मेमध्ये परत, फ्री फायर २०२२च्या फेब्रुवारीत बंद. ज्या दिवशी बंदी आली त्या दिवशी हजारोंच्या आयडी कवडीमोल झाल्या. काचेच्या टीव्हीसोबत गेलेली ती बंदूक आठवा.

एवढं सगळं असूनही या दिवाळीत कुणी घरी प्लेस्टेशन आणायचं ठरवलं असेल, तर दोन-तीन व्यवहारी गोष्टी. यंत्र डिस्कवालं घ्या, वापरलेलं चालेल. मात्र घेण्याआधी त्यात एक डिस्क घालून गेम सुरू करून पाहा आणि विकणाऱ्याने आपलं खातं त्यातून काढलंय याची खात्री करा. कोणताही गेम निघाल्यावर पहिल्या महिन्यात घेऊ नका. गर्दी ओसरली की वापरलेल्या डिस्क एकदम बाजारात येतात आणि भाव घसरतो. दर वर्षी निघणारे खेळांचे गेम नवे घेऊच नका. गोष्टीचा, एकट्याने संपवायचा गेम घ्या, कारण तो लवकर संपतो आणि भाव उतरायच्या आत विकता येतो. डिस्कच्या डब्यावर 'सतत इंटरनेट लागेल' असं बारीक अक्षरात लिहिलंय का तेही बघा. जुन्या डिस्कचे व्यापारी आता ऑनलाइनही आहेत, घरून माल उचलतात, घरी पोचवतात. तेल्हारा तालुक्यात तो पोचायला चार दिवस जास्त लागतील. डिस्क परत विकताना कुरियर आपल्या खिशातून करावं लागलं तर शंभर-दीडशे रुपये जातात. ते हिशेबात आधीच धरावेत, पूर्वी एसटीचं भाडं धरायचो तसे.